‘करमत नाही’चा गुण किती? मनोवैद्यकातलं संशोधन करायचं असेल तर

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा समोर पन्नाशीच्या एक मावशी बसल्या होत्या. मी छापील वाक्य वाचलं: “गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती दिवस उदास, खिन्न किंवा निराश वाटलं?” मावशींनी माझ्याकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, “उदास न्हाई गं. करमत न्हाई.” माझ्या कागदावर चार चौकोन होते. अजिबात नाही, बरेच दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. ‘करमत नाही’ला चौकोन नव्हता. मी त्या दिवशी शून्यावर खूण केली. ती चूक होती हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मानसिक आजारांवर विद्यापीठीय संशोधन करायचंय, पुढे त्यातच पोट भरायचंय, असं म्हणणारी मुलंमुली आता बऱ्याच संख्येनं भेटतात. कुणी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असतं, कुणी मानसशास्त्रात एमए करत असतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, “कुठली डिग्री घेऊ?” माझ्या मते तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा प्रश्न आहे, पण दार उघडल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हे क्षेत्र नेमकं कोणतं

मनोवैद्यक, म्हणजे इंग्रजीतलं ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’, हा शब्द ब्रिटनमध्ये विभागाचं नाव म्हणून जास्त चालतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजात या नावाचा मोठा विभाग आहे, आणि याच नावाचं नियतकालिक मायकल शेफर्ड यांनी १९७० मध्ये सुरू केलं, ते आजही या विषयातल्या वजनदार नियतकालिकांत गणलं जातं. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात पाटी असते ती मनोविकृतीशास्त्र किंवा मानसोपचार विभागाची. फरक थोडा भर देण्याचा आहे. शरीर आणि मन जिथे एकमेकांत गुंततात ती जागा मनोवैद्यकात महत्त्वाची. मधुमेह झालेल्या माणसाचं नैराश्य, पक्षाघातानंतरची निराशा, कुठल्याही तपासणीत न सापडणारा थकवा, छातीतली धडधड घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे तीनदा जाऊन आलेली बाई. आपल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ वाजता उभं राहिलात, तर अर्ध्या तासात या चारही गोष्टी दिसतील.

कोणत्या दारानं आत जायचं

डॉक्टर असाल तर एमबीबीएसनंतर मानसोपचारात तीन वर्षांची एमडी हा सरळ रस्ता. एमडीला प्रबंध सक्तीचा असतो. बहुतेक जण तो कसाबसा उरकतात. तुम्ही तसं करू नका. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन प्राथमिक अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करावाच लागतो, तोही रात्री अकरा वाजता व्हिडिओ पुढे ढकलत संपवू नका. संशोधनाचं प्राथमिक व्याकरण त्यात बऱ्यापैकी नीट सांगितलंय. अजून एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्ती आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, स्वतःच्याच कॉलेजातल्या मार्गदर्शकाबरोबर. त्यातून मोठं काही हाती लागत नाही, पण प्रस्ताव लिहिणं, नैतिकता समितीसमोर जाणं आणि अहवाल वेळेत देणं या तिन्ही गोष्टी एकदा होऊन जातात.

मानसशास्त्रातून येत असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात स्पष्ट असू द्या. मानसशास्त्रात पीएचडी झाली म्हणजे रुग्णांवर उपचार करायचा परवाना मिळाला असं होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती तिच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच मिळते. वर्षानुवर्षं हा अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांची एमफिल होती. यूजीसीनं एमफिल ही पदवी बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क यांना मात्र २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. आता नव्या रचनेचे अभ्यासक्रम येतायत. तेव्हा कुणाच्या ताईनं पाच वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका, आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघूनच फी भरा. निव्वळ संशोधन करायचं असेल, रुग्ण बघायचे नसतील, तर हा परवाना नसला तरी चालतं.

तिसरं दारही आहे, आणि ते कुणी सांगत नाही. संख्याशास्त्र, समाजकार्य, मानववंशशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांतून आलेली माणसं या क्षेत्रात हवी असतात. चांगला संख्याशास्त्रज्ञ मिळाला तर मानसोपचार विभाग त्याला सोडत नाही.

एक कटू गोष्ट सांगते. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर नसलेल्या संशोधकाला बढतीच्या वाटा अरुंद असतात. प्रकल्प तुम्ही चालवाल, पहिलं नाव कधीकधी दुसऱ्याचं येईल. बेंगळुरूची निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा गोव्याची संगाथ ही स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी हे चित्र बरंच वेगळं आहे. दार निवडताना हे लक्षात असू द्या.

आधी वर्षभर नोकरी, मग पीएचडी

एमए झाल्या झाल्या पीएचडीला नोंदणी करू नका. एखाद्या चालू प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून वर्षभर काम करा. पगार बेताचाच असतो. काम म्हणजे सकाळी आरोग्य केंद्रावर जायचं, रांगेतल्या लोकांना प्रकल्पाची माहिती सांगायची, संमती घ्यायची, प्रश्नावली भरायची, संध्याकाळी टॅबवरची माहिती तपासायची आणि सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा शोधून काढायचं. या शेवटच्या कामात संशोधकाचा कस लागतो. माणूस ऊसतोडीला गेलेला असतो, मुलगी सासरी गेलेली असते, फोन बंद असतो. जो अभ्यास सहा महिन्यांनंतर निम्मी माणसं हरवतो, त्याच्या निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

गोव्यात १९९६ पासून काम करणारी संगाथ, पुण्यातलं केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र, पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र, चेन्नईची स्किझोफ्रेनियावर काम करणारी स्कार्फ, बेंगळुरूची निमहान्स, अशा ठिकाणांवर नजर ठेवा. जाहिराती आल्या की पद कितीही छोटं असलं तरी अर्ज करा. वर्षभरानं दोनपैकी एक गोष्ट कळते, हे काम आपल्याला जमतं किंवा जमत नाही. दोन्ही कळणं फायद्याचंच.

प्रश्न

आता खरी गोष्ट. संशोधकाची ओळख त्याच्या प्रश्नानं होते आणि चांगला प्रश्न अनेकदा दहा-पंधरा वर्षं पुरतो.

‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताणतणावाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध ठेवलेले असतात. तिथे मानसशास्त्रात ‘ताण’ शोधून बघा. जिल्ह्याचं नाव तेवढं बदलत जाणारे प्रबंध एकामागून एक दिसतील. त्यांतल्या कित्येकांनी मुलांच्या हातात अमेरिकेत तयार झालेली मापनश्रेणी दिली, गुण मोजले, शहरी-ग्रामीण तुलना केली, ‘समुपदेशन केंद्रे हवीत’ असं म्हणून विषय संपवला. काही कळलं का? फारसं नाही.

याउलट विक्रम पटेल यांचं काम बघा. मुंबईत जन्मलेले हे मानसोपचारतज्ज्ञ १९९० च्या दशकात झिंबाब्वेत गेले. तिथल्या शोना भाषेत लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे खूप विचार करणं, विचारांनी डोकं खाणं. आपल्या आज्या ‘इचार करून करून डोकं फुटायला आलंय’ म्हणतात ते आठवतं ना? तिथल्या लोकांच्याच शब्दांवरून त्यांनी शोना भाषेतली लक्षणांची प्रश्नावली घडवली. पुढे गोव्यात प्रश्न आला तो असा: मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीतच, मग नैराश्य आणि चिंतेवरचा उपचार प्रशिक्षण दिलेली साधी माणसं देऊ शकतील का? मानस नावाची ती चाचणी गोव्यातल्या २४ आरोग्य केंद्रांवर झाली आणि २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. सरकारी केंद्रांवर फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. मला या निकालातला दुसरा भागच जास्त आवडतो. सगळीकडे यश मिळालं असं सांगणाऱ्या अभ्यासाकडे मी जरा संशयानंच बघते.

विदर्भातलं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला. ज्या भागाची बातमी फक्त शेतकरी आत्महत्येच्या आकड्यानं होते, तिथे त्यांनी वेगळं विचारलं: नैराश्य असलेली किती माणसं उपचारापर्यंत पोचतात, आणि गावातच लोकांशी बोलणारी माणसं तयार केली तर हा आकडा हलतो का? सुरुवातीला तो ४.३ टक्के होता, १८ महिन्यांनी २७.२ टक्के झाला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अशा अभ्यासाला गाव माहीत असणारा, वऱ्हाडी कळणारा माणूस लागतो. लंडनमध्ये बसून हा प्रश्न सुचत नाही.

म्हणूनच मी मुलांना सांगते की तुम्हाला येणारी मराठी, तीही छापील मराठीपलीकडची, ही या क्षेत्रात पदवीइतकीच कामाची आहे. एमआरआयचं यंत्र परदेशातल्या विद्यापीठाकडे तुमच्यापेक्षा चांगलंच असणार. ‘जीव घाबरा होतो’ आणि ‘जीव लागत नाही’ यांतला फरक त्यांच्याकडे नसतो.

प्रश्न बारीक कसा करायचा ते दाखवते. समजा सुरुवात ‘मधुमेह आणि नैराश्य’ इथून झाली. हा विषय झाला, प्रश्न नाही. मग ग्रामीण रुग्णालयाच्या मधुमेहाच्या दिवशी चार वेळा नुसतं जाऊन बसा. दिसेल की बायका ‘कमजोरी’ची तक्रार करतात आणि डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात. आता प्रश्न असा होतो: मधुमेही बायका ‘कमजोरी’ म्हणतात तेव्हा त्यांतल्या किती जणींना नैराश्य असतं, आणि किती जणींची साखर किंवा हिमोग्लोबिन हेच त्याचं कारण असतं? याला माणसं मोजता येतात, वेळ ठरवता येतो, उत्तर काहीही आलं तरी डॉक्टरला उपयोग होतो. उलट उत्तर आलं तर वाया जाईल असा प्रश्न घेऊ नका.

आणखी एक रिकामी जागा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे या सर्वेक्षणाचे ‘१०.६ टक्के लोकांना मानसिक आजार’ वगैरे आकडे जसेच्या तसे ‘महाराष्ट्रात’ म्हणून लिहिणारा प्रस्ताव बघितला की परीक्षकाच्या भुवया वर जातात.

मार्गदर्शक

मार्गदर्शक मोठ्या नावाचा असण्यापेक्षा वेळ देणारा असावा. तपासायचं कसं? त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर उघडा. किती वर्षं लागली, त्यातून किती शोधनिबंध आले, पहिलं नाव विद्यार्थ्याचं होतं का, हे बघा. मग त्यांतल्या एक-दोघांना फोन करा. लोक लेखी सांगत नाहीत ते चहावर सांगतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. आधी जागा आहे का ते विचारा, नाहीतर सहा महिने ‘बघू’ ऐकत काढाल.

पत्र लिहाल तेव्हा ‘मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ एवढंच नको. त्यांचा अमुक निबंध वाचला, त्यातल्या अमुक निष्कर्षाबद्दल मला हे विचारायचंय, माझा प्रश्न असा आहे, एवढं एका पानात. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्यात मी त्यांच्या तक्त्यातल्या एका आकड्याबद्दल शंका विचारली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असा सध्याचा नियम आहे, त्यात किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क धरलेला. प्रवेशासाठी जून २०२४ पासून नेटचे गुण चालतात, म्हणून वेगळ्या प्रवेश परीक्षांच्या मागे धावण्याआधी मानसशास्त्राची नेट देऊन टाका.

किती माणसं लागतील

‘सर, शंभर घेऊ?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. गणित साधं आहे. समजा मधुमेही रुग्णांत नैराश्य साधारण २० टक्के असेल असा आधीच्या अभ्यासांवरून अंदाज आहे, आणि तुम्हाला तो ५ टक्क्यांच्या आतबाहेर, ९५ टक्के खात्रीनं सांगायचाय. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२० गुणिले ०.८०, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर २४६. दहातला एक जण नाही म्हणेल असं धरा, मग २७४ जणांना विचारावं लागेल. दोन गटांची तुलना किंवा उपचाराची चाचणी असेल तर सूत्र वेगळं. तिथे संख्याशास्त्रज्ञाकडे आधी जा. माहिती गोळा करून झाल्यावर गेलात तर तो फक्त ‘आता काय करणार’ म्हणतो.

परवानग्या

इथे घाई अंगाशी येते. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९९ तर या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ हवं: मानसिक आजार असलेल्या माणसाची नुसती मुलाखत घ्यायची तरी त्याची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते, तो संमती देऊ शकत नसेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जावं लागतं. ‘मुलानं सही केली’ हे पुरत नाही. उपचाराची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता, आणि तिला महिने लागतात, ते वेळापत्रकात धरा.

संमतीपत्राची मराठी हा स्वतंत्र छळ आहे. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून मी स्वेच्छेने…’ हे वाचून दाखवताना समोरच्या माणसाचा चेहरा बघा, कोर्टाचं समन्स आल्यासारखा होतो. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची गोळ्या-औषधं बंद होणार नाहीत. मधेच उठून गेलात तरी चालेल’ असं लिहा. समितीतला कुणीतरी भाषा ‘प्रमाण’ नाही म्हणेल. अडून बसा.

आणि संकट-योजना. आत्महत्येबद्दलच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याच क्षणी काय करायचं, कुणाला फोन, कोणत्या डॉक्टरकडे, कोण बरोबर जाणार, हे नावनिशीवार कागदावर हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्या टीमच्या फोनमध्ये असावा, पण तेवढ्यावर भागत नाही. आपण विचारलंय म्हणजे माणूस सुरक्षित हातात पोचेपर्यंत जबाबदारी आपली.

प्रश्नावली मराठीत आणणं

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण मराठी अभ्यास सगळ्यात जास्त इथेच फसतात.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी. प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते २७, साधारण १० किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे तपासायचं. वापरायला फुकट, म्हणून जगभर चालते. गोव्यात २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत, जिथे समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्यावर काम केलं, रुग्ण निवडायला हीच वापरली होती, १४ च्या वर गुण असलेले. मराठी भाषांतर तयार मिळतं. तयार मिळतं म्हणजे तुमच्या गावात चालतं असं नाही.

क्रम असा ठेवा. दोन जणांनी एकमेकांना न विचारता मराठी करायचं, एक मानसोपचार जाणणारा, एक अजिबात न जाणणारा. दोन्ही समोर ठेवून एक करायचं. मग मूळ न बघितलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि कुठे सरकलं ते पाहायचं. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण उलटं भाषांतर अगदी चोख जमूनही वाक्य गावात मेलेलं असू शकतं. ‘उदास’ परत इंग्रजीत बरोब्बर जातं. मावशींपर्यंत मात्र ते पोचलंच नव्हतं.

म्हणून पुढची पायरी कधीच गाळू नका. ज्यांच्यावर अभ्यास करायचाय तशा दहा-पंधरा माणसांसमोर एकेक प्रश्न वाचा आणि विचारा, “मी आत्ता काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा.” आमच्या हाती काय आलं ते सांगते.

एकाग्रतेच्या प्रश्नात उदाहरण आहे वर्तमानपत्र वाचण्याचं आणि टीव्ही बघण्याचं. निरक्षर बाईला वर्तमानपत्राचं काय? आम्ही ‘भाकरी करताना, हिशेब करताना, कीर्तन ऐकताना लक्ष लागत नाही’ असे पर्याय तपासले. भाकरी बाद झाली, कारण बायका म्हणाल्या की भाकरी हात करतात, त्याला लक्ष लागतच नाही. हिशेब राहिला.

‘दोन आठवडे’ हा काळ शहरी. कुणाला नीट सांगता येईना. ‘मागचे दोन बाजार’ म्हटलं की लगेच कळायचं, कारण गावचा आठवडी बाजार ठरलेल्या वारी भरतो.

‘कामात रस किंवा आनंद वाटत नाही’ यावर एक आजी म्हणाल्या, “कामात आनंद कुणाला असतो?” बरोबरच आहे. आम्हाला रस या शब्दाऐवजी त्या बाईच्या आयुष्यात आधी काय हौसेचं होतं ते शोधावं लागलं. हळदीकुंकू, माहेरी जाणं, नातवाला गोष्ट सांगणं.

आणि ‘करमत नाही’. यात एकटेपणा आहे, मन रमत नाही हे आहे, कुणाची तरी आठवण आहे, आणि नैराश्यही असू शकतं. लग्न होऊन आठ दिवस झालेल्या मुलीचं करमत नाही वेगळं आणि मुलगा गेल्यानंतर वर्षभरानं बाईचं करमत नाही वेगळं. आम्ही ‘उदास’ काढला नाही, कारण मूळ श्रेणीशी तुलना राहायला हवी. त्यापुढे ‘करमत नाही, मनाला बरं वाटत नाही’ हे शब्द सांगायची मुभा मुलाखतकाराला दिली, आणि प्रत्येक वेळी कोणत्या शब्दावर उत्तर आलं ते बाजूला लिहून ठेवलं. ती बाजूची नोंदच पुढे माझ्या प्रबंधातलं सगळ्यात वाचलं गेलेलं प्रकरण झाली.

यात नवं काही नाही, बरं का. कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य यांवर मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या कामातून आजाराकडे रुग्ण स्वतः कसं बघतो हे विचारायची एक अख्खी मुलाखत-पद्धत निघाली, १९९२ मध्ये ती ब्रिटिश नियतकालिकात आली. म्हणजे ही वाट आपल्या दारावरूनच गेलेली आहे.

सगळ्यात शेवटी ती श्रेणी खरी उतरते का ते तज्ज्ञाच्या निदानाशी ताडून बघायचं. १० ची रेघ तुमच्या लोकांत कदाचित ८ वर किंवा १२ वर असेल.

गावात बसताना

एकांत मागून मिळत नाही. सासूबाई बसणारच. आमची युक्ती अशी की दोघी जायचो, एक जण सासूबाईंशी गुडघेदुखीबद्दल बोलायची. चहा नाकारू नका, पण तो नेमका आत्महत्येच्या प्रश्नाला येतो, तेव्हा क्रम जपा.

आकडे आणि निबंध

आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक-प्रणाली फुकट आहे, शिका. विश्लेषण काय करणार ते माहिती हातात यायच्या आधी लिहून ठेवा, नाहीतर वीस तुलनांतली एक नुसत्या योगायोगानं लागते आणि माणूस तिच्यावर निबंध लिहितो. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर घ्या. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हा प्रकार आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही, हे नम्रपणे पण लवकर सांगावं लागतं. उशिरा सांगितलं तर नम्रपणा उरत नाही.

तीन दिवसांत स्वीकारतो, एवढे रुपये भरा, अशी ईमेल आली की ती पुसा. २०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती काढली, तेव्हा असल्या ठिकाणी छापून घ्यायला सबबही उरलेली नाही. इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री हे पहिल्या निबंधासाठी चांगलं लक्ष्य आहे. नकार येईल. परीक्षकाचे शेरे दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचा.

पैसा

नेट-जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधनवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा वेगळी. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आपण कोणत्या गटात बसतो आणि जाहिरात कधी येते ते दर महिन्याला बघत राहा. कुठलीही वृत्ती असली तरी पैसे वेळेवर येतील असं धरून घरभाड्याचा करार करू नका. चार-सहा महिन्यांची शिल्लक हाताशी हवी. माझ्या बॅचमधल्या दोघांनी बुद्धी कमी पडली म्हणून पीएचडी सोडली नाही, हप्ते थकले म्हणून सोडली.

परदेश

लंडनचं मॉड्सली हे मानसोपचाराचं रुग्णालय १९२३ मध्ये उघडलं, त्याच्याशी जोडलेली मानसोपचार संस्था १९४८ पासूनची, आज किंग्ज कॉलेजचा भाग. तिथल्या वातावरणाचा फायदा मोठा आहे, नाकारत नाही. डॉक्टरांसाठी ब्रिटनमध्ये शैक्षणिक क्लिनिकल फेलो ही जागा असते, पाव वेळ संशोधनाला राखीव. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजमार्फत ठरावीक मुदतीच्या प्रशिक्षणाचीही वाट आहे. पीएचडीला परदेशी विद्यार्थ्यांची फी अवाच्या सवा, म्हणून शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नका: कॉमनवेल्थ, किंवा अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. भारतात राहूनच मोठं काम करायचं तर २००८ पासूनचं इंडिया अलायन्स आहे, पीएचडी किंवा एमडीनंतर स्वतःचा गट उभारायला पैसे देतं.

जाताना प्रश्न इथला घेऊन जा. तिकडे जाऊन तिकडचाच प्रश्न घेतलेले लोक परत आल्यावर पहिली दोन वर्षं नुसती चाचपडताना मी पाहिलेत.

निकाल घेऊन गावात परत

ही पायरी बहुतेक जण करत नाहीत. प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा झाली, की ज्या गावात माहिती घेतली तिथे जाऊन निकाल सांगा. टक्केवारी नको. ‘दर दहा बायकांतल्या इतक्या जणींना’ असं. कुणाचं उत्तर ओळखू येणार नाही याची काळजी घेऊन, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर मी हे केलं तेव्हा त्या मावशी पुढेच बसल्या होत्या. मी बोलून थांबले. त्या म्हणाल्या, “बरं. मग आता मंगळवारी गोळ्या द्यायला येत्यात, त्याच वेळंला कुनी बोलायला बी बसंल का?”

मधुमेहाच्या दिवशी तिथे दीडशे माणसं असतात आणि परिचारिका दोन. पुढच्या अनुदानाच्या अर्जात पहिल्या पानावर मी हाच प्रश्न घातला, त्यांच्या शब्दांत.